न दिसणे आणि नसणे

विंडोजसाठी लिहिलेले क्लाउड साठवणीचे सॉफ्टवेअर लिनक्सच्या संगणकावर चालवणे हा वरकरणी निव्वळ तांत्रिक खटाटोप आहे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह यांची लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नसल्यामुळे लिनक्स वापरणाऱ्याला एकतर त्रयस्थांनी लिहिलेल्या साधनांवर भागवावे लागते, नाहीतर विंडोजचा मूळ प्रोग्रॅमच आपल्या यंत्रावर नांदेल अशी तजवीज करावी लागते. ही दुसरी वाट धरली की एक असा प्रश्न सामोरा येतो, ज्याची चर्चा भारतीय दर्शनकारांनी घट, भूतल आणि काळोख यांच्या भाषेत कित्येक शतके केलेली आहे. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणण्याचा अधिकार ज्ञात्याला केव्हा प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय.

विंडोजच्या प्रोग्रॅमला लिनक्सवर नांदवणारी सर्वांत प्रसिद्ध यंत्रणा म्हणजे ‘वाइन’. तिचे काम १९९३ साली सुरू झाले, १९९४ पासून आलेक्सांद्र ज्युलियार यांनी तिची धुरा वाहिली, आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडले. कोणताही प्रोग्रॅम डिस्कला स्वतः हात लावत नाही. ही फाइल उघडून दे, या फोल्डरात काय आहे ते सांग, अशा विनंत्या तो यजमान प्रणालीला करतो, आणि विंडोजमध्ये या विनंत्या स्वीकारणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कार्यांचे संग्रह, ठरलेल्या नावांचे असतात. वाइन त्याच नावांच्या लायब्रऱ्या नव्याने लिहून पुरवते आणि प्रोग्रॅमची प्रत्येक विनंती लिनक्सला उमगेल अशा विनंतीत फिरवते. प्रोग्रॅमला जो ‘सी’ ड्राइव्ह दिसतो, तो वास्तविक वापरकर्त्याच्या फोल्डरातला एक साधा उपफोल्डर असतो, आणि ज्या रजिस्ट्रीत विंडोज आपल्या सगळ्या नोंदी ठेवते, ती येथे दोन-तीन मजकुरी फाइलींत मावते. प्रोसेसरची नक्कल मात्र वाइन करत नाही, आणि ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’, म्हणजे वाइन ही नक्कल करणारी यंत्रणा नव्हे, असा तिच्या नावाचा विस्तार केला जातो तो यामुळेच. नावाच्या विस्तारात पुन्हा तेच नाव येत असल्यामुळे नैयायिकाने, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताने, या नामकरणावर आत्माश्रय दोष, म्हणजे स्वतःच स्वतःच्या आधाराने सिद्ध होण्याचा दोष, ठेवला असता. विस्ताराचा उरलेला भाग निषेधरूप आहे एवढे पाहून उपनिषदांच्या अभ्यासकाने कदाचित तो दोष सोडूनही दिला असता.

अशा प्रोग्रॅमविषयी पहिला विचार सुचतो तो मायेचा. प्रोग्रॅम स्वतःला विंडोजमध्ये समजतो, प्रत्यक्षात असतो लिनक्समध्ये, तेव्हा त्याचे सारे जग भ्रमाचे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा विचार फार दूर जात नाही. शांकर वेदान्तात दोरीवर भासणाऱ्या सापाचे लक्षणच असे आहे की दोरीचे ज्ञान होताच त्याचा बाध होतो, म्हणजे तो साप पूर्वीही नव्हता असे कळून येते. वाइनमधील ‘सी’ ड्राइव्हचा असा बाध होत नाही, कारण तेथे साठवलेले पत्र खरोखर साठवले जाते, सर्व्हरवर पोहोचते आणि दुसऱ्या गावातल्या संगणकावर उघडते. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सत्याची कसोटी अर्थक्रिया, म्हणजे कार्य घडवून आणण्याचे सामर्थ्य, ही मानली, आणि त्या कसोटीला हा ड्राइव्ह उतरतो. शिवाय खुद्द विंडोजवर तरी प्रोग्रॅम मूळ वस्तूपर्यंत कोठे पोहोचतो? तेथेही ड्राइव्हचे अक्षर हे एक ठेवलेले नाव असते, आणि आजच्या एसएसडीत तर प्रणालीने सांगितलेला पत्ता आणि माहिती जेथे खरोखर लिहिली जाते ती जागा यांच्यामध्ये डिस्कच्या आतलाच एक अनुवादक बसलेला असतो. विंडोज आणि वाइन यांच्यातील भेद खरे आणि खोटे असा नसून दोन व्यवहारांमधला आहे.

मायेचा प्रश्न असा बाजूला ठेवला की खरा प्रश्न दिसू लागतो, आणि तो प्रोग्रॅमच्या जगाविषयी नसून त्या जगाविषयी त्याला होणाऱ्या ज्ञानाविषयी आहे. फोल्डर ‘पाहिला’, फाइल ‘दिसली’ असे प्रोग्रॅमबद्दल बोलले जात असले, तरी त्याला डोळे नाहीत. यजमान प्रणाली जे सांगते तेवढेच त्याला कळते. दर्शनांच्या परिभाषेत बोलायचे तर त्याच्याजवळ प्रत्यक्ष प्रमाण नाहीच, आहे ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यातून होणारे ज्ञान. न्यायदर्शनाने अशा व्यक्तीला ‘आप्त’ म्हटले आहे. वस्तू जशी आहे तशी जिला ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची जिची इच्छा आहे, ती व्यक्ती आप्त. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते असे म्हटले आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयात फार मोलाची आहे, कारण त्यामुळे वाइन परकी आहे एवढ्याच कारणाने तिला आप्तपणा नाकारता येत नाही. तिला ठाऊक काय आहे आणि जे ठाऊक नाही त्याविषयी ती काय बोलते, एवढेच पाहायचे.

आणि येथे वाइनच्या अंतरंगातील एक तपशील महत्त्वाचा ठरतो. विंडोजची कार्ये अगणित असल्यामुळे त्यांपैकी अनेक वाइनमध्ये नुसती नावाला असतात. प्रोग्रॅमने हाक मारली तर ओ देणारे कोणीतरी असते, पण आत काम काहीच होत नाही. अशा पोकळ कार्याला प्रोग्रॅमर मंडळी ‘स्टब’ म्हणतात. स्टबला दोन प्रकारे वागता येते. हे कार्य येथे उपलब्ध नाही असे तो सांगतो, किंवा प्रोग्रॅम अडून बसू नये म्हणून काम झाल्याचे खोटेच सांगतो. दोन्ही वेळी वाइन आपल्या नोंदींत सहसा ‘फिक्समी’ अशी खूण करून ठेवते, परंतु ती खूण माणसासाठी असते, प्रोग्रॅमला ती ऐकू जात नाही. पहिला स्टब अज्ञ असूनही प्रामाणिक आहे. दुसऱ्याच्या ठायी आप्ताच्या लक्षणातील दोन्ही अंगे नाहीत. एखाद्या खेळात दुसऱ्या प्रकारच्या स्टबमुळे फार तर पडद्यावरची एखादी सावली चुकते. क्लाउड साठवणीच्या सॉफ्टवेअरचे तसे नाही, कारण त्याचे कामच मुळात साक्ष देण्याचे आहे. या डिस्कवर आता काय आहे आणि काय नाही, हे ते दूरच्या सर्व्हरला सांगते, आणि सर्व्हर ते खरे मानून तसा वागतो.

‘काय आहे’ हे सांगणे त्या मानाने सोपे आहे. ‘काय नाही’ हे सांगताना मात्र या सॉफ्टवेअरला अभावाच्या संपूर्ण मीमांसेतून जावे लागते. वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभाव हा सातवा पदार्थ मानला, आणि अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, जो मुंबई संस्कृत मालेतील आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ च्या आवृत्तीमुळे अनेक अभ्यासकांच्या हाती आला, त्याचे चार प्रकार दिलेले आहेत. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, तिन्ही काळी असणारा तो अत्यंताभाव, आणि घट म्हणजे पट नव्हे अशा भेदाच्या रूपाचा तो अन्योन्याभाव. समजा, सर्व्हरवर एक फाइल आहे आणि संगणकाच्या फोल्डरात ती नाही. ती दुसऱ्या यंत्रावर नुकतीच तयार झाली असेल आणि येथे उतरायची राहिली असेल, तर हा प्रागभाव आहे आणि ती उतरवून घेणे हे कर्तव्य ठरते. ती येथे होती आणि वापरकर्त्याने काढून टाकली असेल, तर हा प्रध्वंसाभाव आहे आणि ती सर्व्हरवरूनही काढून टाकणे हे कर्तव्य ठरते. दोन्ही प्रसंगी फोल्डर अगदी सारखाच दिसतो, आणि कर्तव्ये मात्र परस्परविरुद्ध आहेत.

रिकाम्या जागेकडे कितीही निरखून पाहिले तरी हा भेद उलगडत नाही, कारण तो त्या जागेत नसून इतिहासात आहे. म्हणूनच असे प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःजवळ एक खतावणी ठेवते, जीत मागच्या वेळी दोन्ही बाजूंची जुळणी झाली तेव्हा काय काय होते ते लिहिलेले असते. ड्रॉपबॉक्सच्या अभियंत्यांनी २०२० साली आपल्या नव्या रचनेची माहिती दिली, तेव्हा त्यांनी तीन वृक्षांचे वर्णन केले. एक सर्व्हरवरील स्थितीचा, एक संगणकावरील स्थितीचा, आणि तिसरा दोहोंत शेवटची एकवाक्यता झाली त्या क्षणाचा. हा तिसरा वृक्ष म्हणजे स्मृती. सातव्या शतकातच मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अभावज्ञानाची जी प्रक्रिया सांगितली, ती याच्याशी थक्क करण्याइतकी जुळते. आधार असलेल्या जागेचे ग्रहण व्हावे लागते, जिचा अभाव आहे त्या वस्तूचे, म्हणजे प्रतियोगीचे, स्मरण व्हावे लागते, आणि मग इंद्रियांच्या मदतीवाचून मनात ‘ती येथे नाही’ असे ज्ञान उपजते. ज्याला घट कधी ठाऊकच नव्हता, त्याला भूतल दिसेल, घटाचा अभाव दिसणार नाही. नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत, ती केवळ पूर्वीच्या अनुभवाची पुनरावृत्ती आहे असे म्हणतात, आणि ते योग्यही असेल. पण खतावणी पुसली गेलेले सॉफ्टवेअर प्रध्वंसाभाव हा शब्दच विसरते, त्याला सर्वत्र प्रागभाव दिसू लागतो, आणि वापरकर्त्याने हौसेने काढून टाकलेल्या साऱ्या फाइली दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर होतात.

कुमारिलांच्या परंपरेने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र सहावे प्रमाण मानले आणि अद्वैत्यांनी ते उचलले. नैयायिकांना स्वतंत्र प्रमाणाची गरज वाटली नाही, अभावही इंद्रियांनीच कळतो असे ते म्हणाले. तर दुसरे मीमांसक प्रभाकर यांच्या अनुयायांनी अभाव नावाचा पदार्थच नाकारला, नुसते भूतल दिसते यापलीकडे तेथे काही नाही असे त्यांचे मत. हा वाद येथे सोडवण्याची आवश्यकता नाही. आवश्यक आहे ती अनुपलब्धीला प्रमाण मानणाऱ्यांनी घातलेली अट. नुसते न आढळणे पुरेसे नाही. ती अनुपलब्धी ‘योग्य’ असावी लागते, म्हणजे वस्तू असती तर ती आढळलीच असती अशी परिस्थिती असावी लागते. उजेडात घट दिसत नसेल तर घट नाही असे म्हणता येते, काळोखात दिसत नसेल तर काहीच म्हणता येत नाही. धर्मराजाध्वरींद्रांच्या वेदान्तपरिभाषेत ही योग्यता तर्काच्या रूपाने मांडलेली आहे आणि त्या जोडीने अतींद्रिय वस्तूंचा अपवाद नोंदलेला आहे, कारण धर्म आणि अधर्म डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे कोणी म्हणत नाही.

वाइनमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी अडचण याच अटीत आहे. विंडोजवर बाहेरची डिस्क काढून घेतली की तिचे अक्षरच नाहीसे होते, आणि त्या पत्त्यावरचा फोल्डर मागितल्यास प्रणाली त्रुटीचा संदेश देते. प्रोग्रॅमला कळते की येथे काळोख आहे. लिनक्सची रीत निराळी आहे. तेथे डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरावर जोडली जाते, या जोडण्याला माउंट करणे म्हणतात, आणि डिस्क सोडवल्यावर तो फोल्डर अनेकदा जागच्या जागी राहतो, फक्त रिकामा. वाइनमधील ‘डी’ ड्राइव्ह म्हणजे त्या फोल्डराकडे बोट दाखवणारा एक दुवा. डिस्क सुटली तरी दुवा शाबूत, पत्ता शाबूत, उत्तरही बिनचूक, की फोल्डर आहे आणि त्यात काही नाही. कोणीही खोटे बोललेले नाही. लिनक्सने सांगितले ते खरे, वाइनने फिरवून दिले ते खरे, आणि तरीही विंडोजच्या रीतीत वाढलेला प्रोग्रॅम काळोखाला उजेडातली रिकामी खोली समजतो, खतावणी उघडतो, हजारो फाइलींचे स्मरण करतो, आणि त्या सर्वांचा प्रध्वंसाभाव सर्व्हरला कळवतो. भ्रमाच्या ज्या व्याख्या दर्शनांत आढळतात, त्यांत नसलेली वस्तू दिसणे हा प्रकार मुख्य आहे. येथील भ्रम उलटा, आणि तो साक्षीदारांपैकी कोणाच्याही दोषाने नव्हे तर दोन खऱ्या साक्षींमधल्या रीतीच्या फरकाने उपजलेला आहे.

बदलांची वार्ता कळवणाऱ्या यंत्रणेतही हाच फरक डोकावतो. विंडोजवर एका फोल्डरावर नजर ठेवण्याची विनंती केली की त्याखालचे सारे उपफोल्डर तीत घेता येतात. लिनक्सच्या ‘आयनोटिफाय’ या सोयीत, जी कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, २००५ साली आली, प्रत्येक फोल्डरासाठी वेगळा पहारेकरी नेमावा लागतो, आणि अशा पहारेकऱ्यांची कमाल संख्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी दीर्घकाळ ८१९२ एवढीच ठरवलेली होती. जाळ्यावरील सामायिक डिस्कमध्ये दुसऱ्या यंत्राने केलेला बदल तर या पहारेकऱ्याला कळतच नाही. वार्ता आली नाही म्हणजे बदल झाला नाही, हे अनुमान विंडोजवर ज्या भरवशाने करता येते, त्या भरवशाने येथे करता येत नाही.

योग्यतेची ही अट साधने घडवणाऱ्यांना अनुभवाने उमगलेली आहे, असे लिनक्सवर मुळातच चालणाऱ्या काही साधनांकडे पाहिल्यावर वाटते. १९९६ सालापासून वापरात असलेल्या ‘आरसिंक’ या साधनाला मूळ फोल्डर वाचताना अडथळा आला, तर ते दुसऱ्या बाजूच्या फाइली पुसणे आपणहून थांबवते. मला दिसले नाही, पण मला नीट पाहताही आले नाही, अशी ही कबुली आहे. ‘सिंकथिंग’ हे साधन प्रत्येक फोल्डरात एक खुणेची वस्तू ठेवते आणि ती खूण आढळली नाही तर त्या फोल्डराविषयी काहीच ठरवत नाही. खुणेची ही युक्ती तर्कदृष्ट्या फार देखणी आहे, कारण जी नेहमी दिसायलाच हवी अशी एक वस्तू ठेवून दिली की तिचे दिसणे हाच उजेडाचा पुरावा होतो. ‘आरक्लोन’ या साधनातील दुहेरी जुळणी निम्म्याहून अधिक फाइली गेल्याचे आढळले तर काम सोडून देते, हा मात्र तर्क नसून व्यवहारातला शहाणपणा आहे, कारण माणूस एका बैठकीत आपले निम्मे घर सहसा जाळत नाही. लिनक्सवर राहायचेच असेल तर विंडोजचा प्रोग्रॅम वाइनमध्ये बसवण्यापेक्षा अशी साधने बरी, हे सांगण्यासाठी दर्शनशास्त्राची गरज नाही, पण त्यामागचे कारण त्याच शास्त्राच्या शब्दांत सर्वांत नेमके सांगता येते.

अन्योन्याभावाचा विचार केला तर मराठी वाचकाला घरचेच उदाहरण मिळते. विंडोज नावांतील रोमन लिपीच्या लहान-मोठ्या अक्षरांत सहसा भेद करत नाही, लिनक्स करते, आणि त्यामुळे लिनक्सवर दोन भिन्न असलेल्या फाइली वाइनमधल्या प्रोग्रॅमला एकच वाटण्याचा संभव असतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून मराठी नावे या तंट्यातून सुटतात, असे वाटेल. परंतु ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही, शिवाय हेच जोडाक्षर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही साधते. डोळ्याला तिन्ही एकच, डिस्कला तीन. ‘दुसऱ्या मसुद्याची प्रत’ या नावाची फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत कोणी तिचे लेखन बदलले, तर एकीचा प्रध्वंस आणि दुसरीचा जन्म झाला असा निष्कर्ष निघतो. ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती नावावर विसंबली तर फसते. म्हणून शहाणे सॉफ्टवेअर फाइलीच्या अंतर्गत क्रमांकावर विसंबते, आणि वाइन तो क्रमांक लिनक्सच्या आयनोड क्रमांकावरून पुरवते.

उलट बाजूही नोंदली पाहिजे, कारण अलीकडच्या क्लाउड साठवणीत न दिसणाऱ्या असण्याइतकेच दिसणारे नसणेही रुजले आहे. २०१७ साली विंडोज १० मध्ये अशी सोय आली की फाइलीचे नाव, आकारमान, तारीख आणि चित्र फोल्डरात दिसते, पण मजकूर सर्व्हरवरच राहतो आणि कोणी ती उघडली तरच खाली उतरतो. वेदान्त्यांच्या भाषेत येथे नाम आणि रूप हजर आहेत, वस्तू नाही. या सोयीचा आधार विंडोजच्या कर्नलमध्ये बसवलेला एक गाळक आहे, जो फाइल उघडण्याची प्रत्येक विनंती मध्येच अडवून पाहतो. वाइन कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमांच्या पातळीवर राहते, म्हणून हा भाग तेथे चालत नाही. हा तोटा मानला जातो. मात्र ज्ञानाच्या दृष्टीने पाहता, दिसते ते सारे खरोखर तेथे आहे एवढी एक खात्री या गैरसोयीतून वाइनमध्ये शिल्लक राहते.

आपण कोठे आहोत हे विचारण्याची वाट प्रोग्रॅमला बंद नाही. वाइनच्या मूळ लायब्ररीत तिची आवृत्ती सांगणारे एक कार्य असते, जे खऱ्या विंडोजमध्ये आढळत नाही, आणि ते आढळले की यजमान कोण आहे हे उघड होते. ते न आढळणे ही आणखी एक अनुपलब्धी, आणि ती बहुतांशी योग्यही आहे. परंतु ज्याला हे कळले त्याने आपल्या साऱ्या अभावज्ञानाची फेरतपासणी करावी, पुसण्यापूर्वी थांबावे, असा वापर या ज्ञानाचा व्हायला हवा होता. तो तसा क्वचितच होतो, आणि प्रश्न विचारणारा एखादा प्रोग्रॅम तर चालायलाच नकार देतो.

मग उरतो तो सर्व्हरवरचा बंदोबस्त. नैयायिकांच्या मते प्रागभावाला आरंभ नसतो पण अंत असतो, आणि प्रध्वंसाभावाला आरंभ असतो पण अंत नसतो, कारण एकदा फुटलेला तोच घट पुन्हा होत नाही. क्लाउडच्या कचरापेटीने हा नियम थोडा वाकवला आहे. गूगल ड्राइव्हवर आणि वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यांत पुसलेली फाइल सामान्यतः ३० दिवस तशीच ठेवली जाते, म्हणजे तीस दिवसांपुरता प्रध्वंसाला अंत असू शकतो आणि तोच घट, त्याच खापरांसह, जागेवर येऊ शकतो. डिस्क सुटलेल्या संगणकाने दिलेली साक्ष चुकीची होती हे तेवढ्या अवधीत कोणा माणसाच्या ध्यानात आले तर ती मागे घेता येते. एकतिसाव्या दिवशी मात्र त्या संगणकाने कधीतरी ‘नाही’ म्हटले होते, एवढ्याच कारणाने ती फाइल खरोखर नसते.